रात्रीच्या जॉबला स्वतःची ओळख हवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशातल्या एका हॉटेल समूहाच्या आयटी विभागात तुम्ही एकट्याच आहात. कळंगुट, कांदोळी आणि कोलव्याच्या हॉटेलांतली बुकिंगची माहिती रोज रात्री एसएसआयएसच्या (माहिती एका सिस्टिममधून दुसरीत नेणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या) पॅकेजने डायनॅमिक्स ३६५ या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिस्टिममध्ये, जाते. जोडणी तुमच्याच युजरनेम आणि पासवर्डवर आहे. कंपनीने सगळ्यांना एमएफए (पासवर्डबरोबर फोनवरून दुसऱ्यांदा ओळख पटवणं) सक्तीचं केलं आणि त्याच रात्रीपासून हा जॉब, म्हणजे रात्री आपोआप चालणारं काम, फेल होऊ लागला. जोडणीच्या खिडकीत चार-पाच पर्याय दिसतात, त्यातला कोणता घ्यावा, हे तुम्ही विचारलं आहे. समूहाची धाकटी कंपनी झोहो हे दुसरं सीआरएम वापरते आणि वर सेल्सफोर्स या तिसऱ्या सीआरएमची चर्चा चालू आहे, तर तिथेही हेच चालेल का, हा पुढचा प्रश्न.

आधी उत्तर देतो. डायनॅमिक्ससाठी एक ॲप्लिकेशन युजर (माणसाचं नव्हे, प्रोग्रामचं खातं) तयार करा आणि त्याची ओळख सर्टिफिकेटने, म्हणजे डिजिटल ओळखपत्राने, पटवा. सर्टिफिकेट सांभाळणं आज जमत नसेल तर क्लायंट सिक्रेट (प्रोग्रामला दिलेला पासवर्ड) वापरा, पण तो कधी संपतो ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आणि तुमच्या खात्याला एमएफएमधून सूट द्या, अशी विनंती वरिष्ठांकडे करू नका. ती मान्य होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मी पर्वरीत राहतो आणि गेली १८ वर्षं हेच काम करतो: हॉटेलं, औषध वितरक, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने. एका सिस्टिममधली माहिती दुसरीत नेणं हा माझा धंदा. माझा अनुभव असा, की मॅपिंग (कोणता रकाना कुठे जातो याची जुळणी) चुकलं तर ते दोन दिवसांत उघडकीला येतं. जोडणी कोणाच्या नावावर आहे ही चूक मात्र दोन-तीन वर्षं झोपून राहते आणि ऐन हंगामात जागी होते.

तुमचा जॉब का थांबला ते पाहू. पूर्वी डायनॅमिक्सला युजरनेम-पासवर्ड थेट पाठवायची एक जुनी पद्धत होती, तिच्याखाली डब्ल्यूएस-ट्रस्ट नावाचा प्रोटोकॉल चालायचा. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ती बंद करणार असल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल २०२२ मध्ये ती सगळ्यांसाठी बंद झाली. त्यानंतरही तुमचा पासवर्ड चालत होता, कारण तुमचं टूल ओऑथच्या (टोकन, म्हणजे तात्पुरता पास, देऊन आत सोडणाऱ्या पद्धतीच्या) आतला पासवर्डचा मार्ग वापरत असणार. म्हणजे टूल तुमचा पासवर्ड स्वतःकडे घेतं, तो दाखवून टोकन मिळवतं आणि त्या टोकनवर काम करतं. या मार्गात फोनवर आलेली सूचना मंजूर करायला माणूस हजर नसतो. रात्री दोन वाजता एमएफएचा प्रश्न आला तर एसएसआयएस काय उत्तर देणार? लॉगमध्ये एएडीएसटीएस ५००७६ हा आकडा दिसत असेल तर निदान पक्कं झालं म्हणून समजा. एएडीएसटीएस ५०१२६ दिसला तर कारण वेगळं आहे, पासवर्डच चुकलेला आहे.

हा पासवर्डचा मार्ग तात्पुरताच होता. ओऑथ २.० चं मूळ मानक, आरएफसी ६७४९, ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं. त्यात हा मार्ग जुन्या सिस्टिम्सना सावकाश पुढे आणता यावं म्हणून ठेवलेला होता. जानेवारी २०२५ मध्ये सुरक्षेविषयीचं नवं मार्गदर्शन आलं, आरएफसी ९७००. त्यात हा मार्ग वापरूच नये असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे आज सूट मिळवून जॉब चालू केलात, तरी तो अशा पुलावर उभा राहील जो पाडायचं ठरलेलं आहे.

आता मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो, कारण तुमची परिस्थिती हुबेहूब तशी आहे. एका हॉटेलात रात्रीचा जॉब रिझर्वेशन मॅनेजरच्या खात्यावर चालायचा. जोडणी करायच्या दिवशी तोच शेजारी बसला होता, त्याने पासवर्ड टाकून दिला, काम झालं. तीन वर्षं कोणी विचार केला नाही. मग त्याने नोकरी सोडली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याचा शेवटचा दिवस होता, एचआरने नियमाप्रमाणे संध्याकाळी खातं बंद केलं. इथपर्यंत सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. चतुर्थीत आपल्याकडे कोण कुठे असतं हे तुम्हाला माहीतच आहे. जॉब फेल झाल्याचे मेल रोज रात्री जात होते, पण त्याच मॅनेजरच्या मेलबॉक्समध्ये, आणि तो बंद. पाच दिवसांनी एका जुन्या पाहुण्याने फोन करून विचारलं, की पैसे भरले तरी पुष्टीचा संदेश का आला नाही. तेव्हा शोध सुरू झाला. त्या पाच दिवसांची बुकिंग आम्ही तिघांनी मिळून हाताने पडताळली. खोल्या दोनदा विकल्या गेल्या नाहीत हे नशीब.

तेव्हापासून मी एक नियम धरला आहे. यंत्र माणसाच्या नावाने आत शिरता कामा नये. माणूस रजेवर जातो, नोकरी सोडतो, पासवर्ड बदलतो, फोन हरवतो. रात्रीच्या जॉबला यातलं काहीच परवडत नाही.

आता खिडकीतले पर्याय. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि आयएफडी हे दोन्ही तुमच्या उपयोगाचे नाहीत, ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या जुन्या सीआरएमसाठी आहेत. वेर्ण्यात एका ठिकाणी ते अजून चालतात, म्हणून एकच गोष्ट सांगून ठेवतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला कर्बेरॉस (ओळख तपासणारा प्रोटोकॉल) दोन मशीनच्या घड्याळांत साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर ओळख मान्य करत नाही. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन सर्व्हर उठतो, मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, घड्याळ भलतीच वेळ दाखवतं आणि सगळे पासवर्ड तपासत बसतात. आधी घड्याळ पाहा.

तिसरा पर्याय ओऑथ. यात बहुतेक टूल्स ब्राउझरची खिडकी उघडतात, माणूस एमएफएसकट लॉगिन करतो, आणि टूलला एक रिफ्रेश टोकन मिळतं. पुढे टूल त्या टोकनावर नवीन ॲक्सेस टोकन (प्रत्यक्ष आत जायचा, थोड्या वेळाचा पास) घेत राहतं. हे पासवर्ड साठवण्यापेक्षा पुष्कळ बरं, पण टोकन अजूनही माणसाचंच आहे. खातं बंद झालं किंवा पासवर्ड रीसेट झाला की तेही रद्द होऊ शकतं. काही क्लाउड टूल्समध्ये दुसरा मार्गच नसतो. तिथे निदान वेगळं सेवा-खातं काढा, कोणा चालत्या-बोलत्या माणसाचं खातं देऊ नका.

उरले क्लायंट सिक्रेट आणि सर्टिफिकेट. दोन्हींत माणूस नसतो. एन्ट्रा आयडीमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ज्या खाते-व्यवस्थेला २०२३ पर्यंत आपण ॲझ्युअर एडी म्हणत होतो तिथे, तुम्ही एका ॲपची नोंदणी करता. ॲपला एक आयडी मिळतो आणि स्वतःची ओळख पटवायला एक गुपित किंवा सर्टिफिकेट. मग पॉवर प्लॅटफॉर्मच्या ॲडमिन सेंटरमध्ये तुमच्या एन्व्हायर्नमेंटच्या (डायनॅमिक्समधल्या तुमच्या स्वतंत्र जागेच्या) सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या नावाने ॲप्लिकेशन युजर तयार करता. त्याला स्वतंत्र लायसन्स लागत नाही. तुमच्या लेखाविभागाला हे आधी सांगा, परवानगी लवकर मिळेल. ॲपच्या नोंदणीत एपीआयच्या (प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायच्या वाटेच्या) परवानग्यांची लांब यादी टिकमार्क करत बसण्याचीही गरज नाही. डेटाव्हर्समध्ये (डायनॅमिक्सची माहिती जिथे साठते तिथे) या मार्गाने येणाऱ्या ॲपला काय करता येईल हे त्या ॲप्लिकेशन युजरला दिलेला सिक्युरिटी रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, ठरवतो.

या रोलवर जरा थांबतो, कारण इथे जवळजवळ प्रत्येकजण घाई करतो. जॉब पहिल्यांदा चालवला की परवानगी नसल्याची एरर येते. एक रोल वाढवला, दुसरी एरर. तिसऱ्या वेळी माणूस वैतागून सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर देतो आणि जेवायला जातो. ते पुन्हा कधीच कमी होत नाही. आपल्याकडे घरातली माणसं गल्फला किंवा लंडनला असतात, चावी शेजाऱ्याकडे असते. झाडांना पाणी घालायला बाल्कावच्या (ओसरीच्या) फाटकाची चावी पुरते, कपाटाच्या चाव्यांचा जुडगा कोणी देत नाही. तुमच्या जॉबला पाहुण्याची नोंद वाचायची, नवी करायची आणि बदलायची आहे, बुकिंगची नोंद करायची आहे. काढून टाकायची परवानगी त्याला कशाला? एक रिकामा रोल घ्या, जॉब टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर चालवा, जी परवानगी मागेल ती एकेक करून द्या. अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस मी एकदा वाचवला होता. एका वितरकाकडे मॅपिंगमध्ये एक कॉलम सरकला आणि ज्या टेबलांना हातही लावायचा नव्हता तिथले फोन नंबर रिकामे झाले. ॲडमिनचा रोल नसता तर पहिल्याच ओळीला जॉब थांबला असता. बॅकअपमधून माहिती परत आणायला रात्र लागली, आणि त्या कंपनीच्या मालकासमोर उभं राहून कारण सांगणं हे त्याहून जड गेलं.

ॲप्लिकेशन युजरचा आणखी एक फायदा आहे, तो महिन्याभरानंतर कळतो. नोंद शेवटची कोणी बदलली या रकान्यात आता तुमचं नाव न येता जॉबचं नाव येतं. रिसेप्शनवरून कोणी तक्रार केली की पाहुण्याचा पत्ता बदलला, तर माणसाने बदलला की जॉबने, हे एका नजरेत दिसतं. आज तुमच्या सीआरएममध्ये हजारो नोंदींवर तुमचं नाव आहे आणि त्यातल्या बहुतेक तुम्ही पाहिलेल्याही नाहीत. चौकशी झाली तर त्या तुमच्या मानल्या जातील. हा तुमच्या स्वतःच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, ताई.

सिक्रेट की सर्टिफिकेट? सिक्रेट म्हणजे अखेर लांबलचक पासवर्डच. कोणी कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की तो गेला. सर्टिफिकेटमध्ये खासगी किल्ली मशीनवरच राहते, जोडणीच्या वेळी फक्त तिने केलेली सही जाते. मायक्रोसॉफ्टही प्रत्यक्ष कामासाठी सर्टिफिकेटच सुचवतं. अडचण एवढीच, की विंडोजमध्ये सर्टिफिकेट दोन ठिकाणी बसवता येतं: चालू युजरच्या कप्प्यात किंवा मशीनच्या कप्प्यात. आपण स्वतः लॉगिन करून बसवतो, ते आपल्या कप्प्यात जातं, हाताने चालवलेलं पॅकेज चालतं. रात्री एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी जॉब चालवणारा प्रोग्राम) वेगळ्या खात्याने येतो, त्याला ते दिसतच नाही. म्हणून ते मशीनच्या कप्प्यात बसवा आणि एजंट ज्या खात्याने चालतो त्या खात्याला खासगी किल्ली वाचायची परवानगी द्या. ही एक पायरी विसरल्याने लोक सर्टिफिकेटला दोष देऊन पुन्हा सिक्रेटकडे वळतात.

सिक्रेट घेतलात तर दोन गोष्टी. एक, पोर्टलवर तो तयार केल्यावर दोन ओळी दिसतात, सिक्रेटचा आयडी आणि सिक्रेटचं मूल्य. जोडणीत मूल्य टाकायचं असतं, आणि ते तिथे एकदाच दिसतं. आयडी टाकलात तर एएडीएसटीएस ७०००२१५ मिळेल. दोन, पोर्टलवरून सिक्रेटची मुदत जास्तीत जास्त २४ महिने ठेवता येते. मुदत संपली की एएडीएसटीएस ७०००२२२. हा आकडा मी एकदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाहिला आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या गडबडीत जोडणी केली होती, म्हणून बरोबर दोन वर्षांनी नाताळच्या गडबडीतच ती मेली. किनाऱ्यावरचं एकही हॉटेल रिकामं नव्हतं. तेव्हापासून मी मुदत मुद्दाम अशी धरतो, की ती जूनच्या मध्यावर संपावी. पाऊस लागलेला असतो, पाहुणे कमी असतात, नवीन सिक्रेट टाकून दोन रात्री लक्ष ठेवायला सवड असते. एका ॲपला एकाच वेळी दोन सिक्रेट ठेवता येतात, त्यामुळे जुना जिवंत असतानाच नवा घालून पाहा. सर्टिफिकेटलाही मुदत असतेच, तीही याच वेळापत्रकात बसवा.

आणि ही तारीख तुमच्या एकटीच्या कॅलेंडरमध्ये नको. आयटी विभागाचा एक सामायिक मेलबॉक्स काढा, त्याच्या कॅलेंडरमध्ये ४५ दिवस आधीची आठवण ठेवा, जॉब फेल झाल्याचे मेलही तिथेच येऊ द्या. तुमच्या लेखाविभागातला किंवा फ्रंट ऑफिसमधला एक विश्वासू माणूस तो मेलबॉक्स पाहू शकेल अशी व्यवस्था करा. ॲपच्या नोंदणीलाही दोन मालक ठेवा. तुम्ही एकट्या आहात हा या सगळ्या रचनेतला सगळ्यात नाजूक भाग आहे, पद्धत कोणतीही निवडलीत तरी.

एसएसआयएसपुरतं एक सांगायचं राहिलं. पॅकेजमधली संवेदनशील माहिती कशी जपायची याचं मूळ सेटिंग असं असतं, की ती बनवणाऱ्या युजरच्या किल्लीने एन्क्रिप्ट होते. तुमच्या मशीनवर उघडेल, सर्व्हरवर एजंटच्या खात्याला उघडणार नाही. लोक यावर उपाय म्हणून सिक्रेट साध्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उघडा लिहितात. तसं करू नका. पॅकेजमध्ये संवेदनशील काहीच जतन न करण्याचं सेटिंग घ्या आणि सिक्रेट एसएसआयएसच्या कॅटलॉगमधल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (हे डायनॅमिक्सच्या एन्व्हायर्नमेंटपेक्षा वेगळं) संवेदनशील व्हेरिएबल म्हणून ठेवा. उद्या ही कामं ॲझ्युअरवर नेलीत तर तिथे गुपितं ठेवायला की व्हॉल्ट आहे, आणि मॅनेज्ड आयडेंटिटीमुळे (ॲझ्युअरनेच जॉबला दिलेल्या ओळखीमुळे) व्हॉल्ट उघडायला वेगळं गुपित लागत नाही.

जोडणीच्या पत्त्यात भारतातल्या डेटासेंटरसाठी सीआरएमच्या पुढे ८ हा आकडा असतो. दुसऱ्या देशातल्या नमुन्यावरून पत्ता उतरवलात तर ओळख पटूनही दार सापडणार नाही. आणि सगळा भार एकाच ॲप्लिकेशन युजरवर टाकताना मर्यादा लक्षात ठेवा: एका युजरला एका वेब सर्व्हरवर ५ मिनिटांत ६००० विनंत्या आणि एका वेळी ५२ समांतर विनंत्या. त्यापुढे ४२९ ही एरर येते आणि किती वेळ थांबायचं तेही सोबत येतं. तुमच्या तीन हॉटेलांच्या रोजच्या बुकिंगला ही मर्यादा कधी लागणार नाही, पण पहिल्या दिवशी जुना इतिहास चढवताना लागू शकते. ॲक्सेस टोकन साधारण ६० ते ९० मिनिटांचं असतं, तेव्हा त्या लांबलेल्या जॉबमध्ये टूल मधेच नवीन टोकन स्वतः घेतं का हेही पाहून ठेवा.

आता झोहो. झोहोमध्ये मांडणी वेगळी आहे. तिथे एपीआय कन्सोलमध्ये सेल्फ क्लायंट (आपल्याच वापरापुरती ॲपची नोंद) काढून एक ग्रँट कोड मिळवायचा. तो मोजक्या मिनिटांपुरताच जिवंत असतो, त्यामुळे आधी सगळं तयार ठेवा, मग कोड घ्या. त्या कोडवरून रिफ्रेश टोकन मिळतं, ते रद्द करेपर्यंत चालतं, आणि त्यावरून मिळणारं ॲक्सेस टोकन एका तासाचं. हे टोकन ज्या झोहो युजरने कोड काढला त्याच्या नावावर असतं, म्हणून इथे जोडणीसाठी स्वतंत्र युजर काढणं भाग आहे, त्याचं लायसन्स लागलं तरी. आणि खातं भारतात उघडलेलं असेल तर टोकन मागायचा पत्ता डॉट इन वर संपतो, डॉट कॉम वर नाही. इंटरनेटवरचा नमुना जसाच्या तसा उचलणारे इथे हमखास अडकतात.

झोहोतला खरा सापळा वेगळा आहे. एका युजरला २० रिफ्रेश टोकन ठेवता येतात. एकविसावं काढलं की सगळ्यात जुनं गुपचूप रद्द होतं. मी पाहिलेल्या एका ठिकाणी एक मुलगा टेस्ट करताना प्रत्येक वेळी नवीन कोड, नवीन रिफ्रेश टोकन काढत होता. सगळ्यात जुनं टोकन अर्थातच प्रत्यक्ष चालू जॉबचं होतं. जॉब बंद पडला तेव्हा कोणीही त्याला हात लावलेला नव्हता, म्हणून दोन दिवस कारण सापडलं नाही. टेस्टसाठी वेगळा युजर ठेवा आणि रिफ्रेश टोकन जपून साठवा, ते पुन्हा पुन्हा काढायची वस्तू नाही.

सेल्सफोर्सची चर्चा चालू आहे म्हणता, तर सुरुवातीपासून नीट करा. तिथे अजून अनेक टूल्स युजरनेम, पासवर्ड आणि त्याला जोडलेला सिक्युरिटी टोकन मागतात. पासवर्ड बदलला की तो टोकनही बदलतो आणि जॉब फेल होतो. १ फेब्रुवारी २०२२ पासून सेल्सफोर्सने एमएफए बंधनकारक केलं, पण ते स्क्रीनवरून लॉगिन करणाऱ्यांसाठी. एपीआयमधला पासवर्ड त्यामुळे अडत नाही आणि लोकांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. तुम्ही क्लायंट क्रेडेन्शियल्स किंवा जेडब्ल्यूटी हा मार्ग घ्या, दोन्हींत युजरचा पासवर्ड लागत नाही. दुसऱ्यात सर्टिफिकेट वापरतात, त्यामुळे मी त्याच बाजूचा. एंटरप्राइज आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये फक्त एपीआय वापरणाऱ्या युजरसाठी ५ इंटिग्रेशन लायसन्स विनामूल्य येतात. कराराच्या बैठकीत विक्रेता पूर्ण लायसन्स विकू लागला तर हे आठवा. धाकट्या कंपनीतल्या कोणी हबस्पॉट हे आणखी एक सीआरएम सुचवलं, तर तिथल्या जुन्या एपीआय की ३० नोव्हेंबर २०२२ ला बंद झाल्या, जुन्या लेखांवर विसंबू नका.

टोकन आलं म्हणजे चिंता मिटली असं मात्र नाही. २०२५ मध्ये दोन मोठ्या घटना झाल्या. पहिलीत चोरटे कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना फोन करत, आयटी विभागातून बोलतोय म्हणत, आणि सेल्सफोर्सच्या जोडणीच्या पानावर एक कोड टाकायला लावत. कोड टाकला की सेल्सफोर्सच्या डेटा लोडर या साधनासारखं दिसणारं त्यांचं ॲप त्या कंपनीला अधिकृतपणे जोडलं जायचं. पासवर्ड कोणीच चोरला नव्हता. दुसरी ऑगस्ट २०२५ मधली: सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट सेवेकडची ओऑथ टोकन चोरीला गेली आणि ८ ते १८ ऑगस्ट या काळात ती वापरून शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधली माहिती बाहेर नेली गेली. एमएफएने इथे काही अडवलं नाही, कारण टोकन म्हणजे एमएफए पार करून आलेल्याच्या हातातला पास. म्हणून नवीन ॲपला मंजुरी द्यायचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, दर तिमाहीला जोडलेल्या ॲपची यादी उघडा, आणि जे कोणाचं आहे ते कोणालाच सांगता येत नाही ते बंद करा. तुमच्या फ्रंट ऑफिसच्या मुलांनाही सांगून ठेवा, की फोनवरून कोणी कोड टाकायला लावलं तर फोन ठेवायचा आणि तुम्हाला विचारायचं. दिवसभर अनोळखी माणसांना मदत करणं हेच त्यांचं काम असतं, म्हणून ते फसतात. त्यात त्यांचा दोष नाही.

हॉटेलच्या बाबतीत हे मला जास्त लागतं. परदेशी पाहुणा आला की त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (सी फॉर्म म्हणून ओळखला जाणारा) २४ तासांच्या आत भरावा लागतो, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, सगळं तुमच्याकडे येतं. ते सीआरएममध्ये जायची गरज आहे का? मार्केटिंगला पाहुण्याचं नाव, ईमेल आणि मागच्या वेळची खोली पुरते. जॉबमधून पासपोर्टचा रकाना काढून टाका, आणि सीआरएममध्ये आधीच गेलेला असेल तर पुसा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तासांत काय सांगणार, जर सगळ्या लॉगमध्ये एकच नाव असेल आणि ते तुमचं असेल? मालकांशी बोलताना हे आकडे न्या, पण आधी त्यांना एवढंच विचारा, की आपल्या खोलीत झोपलेल्या माणसाचा पासपोर्ट आपण कोणाकोणाला पाहू देतो.

बदल करायचा क्रम सांगतो. ॲपची नोंदणी, ॲप्लिकेशन युजर आणि लहानसा रोल हे सगळं आधी टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर करा. पॅकेजची प्रत काढून तिथे चार-पाच रात्री चालवा. एखाद्या रात्री मुद्दाम चुकीचं सर्टिफिकेट द्या आणि फेल झाल्याचा मेल सामायिक मेलबॉक्समध्ये येतो का ते पाहा. मग मंगळवारी किंवा बुधवारी प्रत्यक्ष जॉब बदला, शुक्रवारी नको. आठवडाभर बुकिंगची संख्या हॉटेलच्या सिस्टिममधल्या आकड्याशी जुळवा. ती जुळली की तुमच्या नावावर शेवटची नोंद कधी झाली ते सीआरएममध्ये शोधा. जॉब बदलल्यानंतरच्या तारखेला रात्री दोनची एखादी नोंद तुमच्या नावावर दिसली, तर आणखी कुठेतरी, एखाद्या जुन्या रिपोर्टमध्ये किंवा एक्सेलच्या जोडणीत, तुमचा पासवर्ड अजून बसलेला आहे. तो सापडेपर्यंत शोधा. मग स्वतःचा पासवर्ड बदला, सगळीकडची सेशन बंद करा, आणि जॉबसाठी म्हणून तुमच्या खात्याला जे जास्तीचे रोल दिले होते ते काढून टाका. त्या रात्री एकदा लॉग पाहून झोपा. सर्टिफिकेटवर अडलात तर एररचा आकडा पाठवा, मी पाहतो.